खलीलभाईंचं परसों

“डे बिफोर यस्टरडे,” खलीलभाई टेबलावरच्या स्पीकरफोनला म्हणाले.

फोनच्या पलीकडे डेन्मार्कमधला आमचा एक ग्राहक होता. अलीकडे, आमच्या हैदराबादच्या ऑफिसात, मी, माझ्या टीममधले खलीलभाई आणि आमचे नवे डायरेक्टर मिलिंद आपटे. आपट्यांनी विचारलेला प्रश्न साधा होता. ज्या कोडमुळे ग्राहकाच्या फाइली परत आल्या नाहीत, तो कोड कुणी बदलला आणि कधी? खलीलभाईंनी एका दमात दोन्हींचं उत्तर देऊन टाकलं होतं. “आय ओन्ली चेंज्ड इट, सर. डे बिफोर यस्टरडे.” मीच बदलला, परवा.

मला यात काहीच खटकलं नाही. मी मनातल्या मनात पुढच्या मुद्द्यावर गेलेसुद्धा. आपट्यांनी मात्र फोन म्यूट केला, चष्मा काढला आणि म्हणाले, “फ्रीझ चालू असताना?”

आता थोडं मागे जाऊन सांगायला हवं.

आमची कंपनी फार जुनी. आमच्यापैकी कुणाचा जन्मही झाला नव्हता तेव्हापासून ती यंत्रं विकत आली आहे. नाव सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, कारण त्या वर्षांत तिचे दोन तुकडे झाले आणि दोन्ही तुकडे आपणच खरी कंपनी असं म्हणत होते. या सगळ्या प्रकाराला रीऑर्ग म्हणायचे. अधूनमधून मेल यायचा. त्यात चौकटी आणि रेघांचं एक चित्र असायचं, आणि आपण आता कुणाच्या हाताखाली आहोत ते त्यात शोधायचं. एकदा शोधलं तर मी दोन चौकटींत होते आणि खलीलभाई एकीतही नव्हते. “अच्छा है,” ते म्हणाले, “कोई काम नै बोलेगा.”

आमचं प्रॉडक्ट बॅकअपचं. बॅकअप म्हणजे कंपनीच्या सगळ्या फाइलींची दुसरी प्रत करून वेगळीकडे ठेवणं. मूळ डिस्क बिघडली की त्या प्रतीवरून सगळं परत आणायचं, त्याला रिस्टोअर म्हणतात. या धंद्यातली गंमत अशी, की बॅकअप सगळे घेतात आणि रिस्टोअर कुणी करून बघत नाही. डेन्मार्कचा ग्राहक नकाशे बनवणारा. त्यांची डिस्क गेली, त्यांनी रिस्टोअर चालवला, आमच्या सॉफ्टवेअरने ‘सक्सेसफुल’ असं सांगितलं, आणि बघतात तो कितीतरी फाइली जागेवर नाहीत.

चूक काय होती ती खलीलभाईंनी लगेच शोधली होती. घर हलवताना एखादी पेटी दारातून आत जात नाही, तसा प्रकार. फोल्डरच्या आत फोल्डर, त्याच्या आत आणखी फोल्डर, अशी फार लांब नावं झाली की ती फाइल परत ठेवता येत नसे. पूर्वी अशी पेटी आली की आमचा हमाल, म्हणजे आमचं सॉफ्टवेअर, दारातच ठाण मांडायचा आणि सगळं काम ठप्प व्हायचं. मग कुणीतरी त्याला शिकवलं, की ती पेटी बाहेर राहू दे, बाकीचं सामान आत आण. हे ठीकच होतं. फक्त शेवटी मालकाला ‘एक पेटी बाहेर आहे हं’ हे सांगायचं राहून गेलं. फाइली बॅकअपमध्ये सुखरूप होत्या. खलीलभाईंनी दुरुस्ती पाठवली आणि नकाशेवाल्यांचं सगळं परत आलं. ग्राहक शांत झाला. आता फक्त हे कसं झालं एवढं विचारायला ही मीटिंग होती.

आणि तिथे हे ‘परवा’ निघालं.

रीऑर्ग चालू असताना कोडला हात लावायला बंदी होती. हीच ती फ्रीझ. परवानगी न घेता कुणी बदल केला तर चौकशी नाही, खुलासा नाही, प्रकरण सरळ एचआरकडे. त्यात त्या दिवसांत कुणाला ठेवायचं आणि कुणाला घरी पाठवायचं हे ठरत होतं. सोमवारी आपटे आमच्या टीमची नावं वर पाठवणार होते. खलीलभाई पन्नाशीच्या पुढचे, धाकटी मुलगी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. या वयात असा ठपका घेऊन बाहेर पडलेल्या माणसाला आमच्या धंद्यात दारात कुणी उभं करत नाही.

मीटिंग कशीबशी संपवून आपटे मला त्यांच्या केबिनमध्ये घेऊन गेले. ते पुण्याचे. इंग्रजीत मी त्यांना बेधडक मिलिंद म्हणायची, मराठीत ती हिंमत होत नसे.

“साहेब, त्यांना परवा म्हणायचं नव्हतं,” मी म्हणाले.

“पण ते परवाच म्हणाले.”

“हौ, म्हणाले. पण ते परसों म्हणाले.”

“परसोंचं मराठी परवाच होतं ना, वसुधा?”

“पुण्यात होत असेल.”

मग मी त्यांना समजावून सांगितलं. हैदराबादी माणसाचं परसों ही काही तारीख नसते. काल घडलं नाही आणि उद्या घडणार नाही, असं जे जे काही असेल ते सगळं परसों. खलीलभाईंचा निकाह परसों झाला, त्यांच्या थोरल्या मुलीला मूल झालं तेही परसोंच. हा रोग आमच्या नारायणगुड्याच्या मराठी घरातही शिरलेला. माझी आई “परवा पोलीस ॲक्शन झाली तेव्हा” असं सहज म्हणायची, म्हणजे अठ्ठेचाळीस साली, माझ्या जन्माच्या कितीतरी आधी. म्हणून तर मीटिंगमध्ये मला काही खटकलं नाही. खलीलभाईंनी परसोंचं इंग्रजी केलं, आणि मी ते ऐकता ऐकता परत परसों करून घेतलं. मधल्यामध्ये पुण्याचा माणूस अडकला.

आपट्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग लॅपटॉप माझ्याकडे वळवला. “मला पटलं असतं. पण हे बघा.”

कोड ज्या सर्व्हरवर ठेवतात, तिथे प्रत्येक ओळ कुणी आणि कधी लिहिली याची नोंद आपोआप होते. पडद्यावर त्या ओळीपुढे नाव होतं खलीलभाईंचं. तारीख होती परवाची. खरीखुरी, पुणेरी परवाची.

मी ती तारीख पुन्हा वाचली. मग लक्षात आलं. कंपनीचे तुकडे झाल्यावर जुना सर्व्हर दुसऱ्या तुकड्याकडे गेला होता. आमचा सगळा कोड नव्या सर्व्हरवर हलवायचं काम, रीतसर परवानगीने, खलीलभाईंनाच दिलं होतं. ते त्यांनी परवाच पुरं केलं. घाईत फक्त आजचा कोड आणायचा असा वरून हुकूम होता, जुना इतिहास आणायचा नाही. त्यामुळे नव्या सर्व्हरच्या मते आमच्या प्रॉडक्टची एकूण एक ओळ खलीलभाईंनी मंगळवारी दुपारी लिहिलेली होती.

मी हे सांगितलं, आणि खलीलभाईंचा तो बदल सहा-सात वर्षांपूर्वीचा आहे हेही. आपटे म्हणाले, “शक्य आहे. पण त्याच नव्या सर्व्हरवरून आपण डेन्मार्कला परवानगीने एक छोटा पॅच, दुसऱ्याच एका दुरुस्तीचा, पाठवला. त्यांनी तो बसवला आणि मग रिस्टोअर फसला. माणूस म्हणतो परवा, सर्व्हर म्हणतो परवा, पॅच त्यानंतर गेला. आणि आता तुम्ही सांगता सहा-सात वर्षांपूर्वी. माझ्या जागी तुम्ही काय केलं असतं?”

मला राग आला होता. जुना सर्व्हर बघायला मिळाला असता तर सगळं मिटलं असतं. पण तो आता परक्यांचा. तिकडे अर्ज करायचा, तो वकिलांकडून जायचा, महिना तरी गेला असता.

बाहेर खलीलभाई आपल्या जागेवर काम करत बसले होते. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला. “अरे! मैं तो परसों बोला. जब हम नये-नये ये बिल्डिंग में आए थे, तब का बात है वो.”

“ते मला कळलं खलीलभाई, त्यांना कळलं नाही.”

“तो अब?”

“काय की,” मी म्हणाले.

रात्रभर डोक्यात तेच. सकाळी कंपनीच्या बसमध्ये बसल्याबसल्या मला नरसिंहराव आठवले. सुलतान बाजारातल्या एका छोट्या सहकारी बँकेचे कॉम्प्युटर सांभाळणारे गृहस्थ. आमचं प्रॉडक्ट त्यांनी पाचेक वर्षांपूर्वी घेतलं आणि नंतर एकदाही नवी आवृत्ती बसवली नाही. दर वर्षी आमचे लोक त्यांना विनवायचे आणि दर वर्षी त्यांचं उत्तर ठरलेलं, “चल रहा है ना? फिर कैकू छूना?” आमच्या सपोर्टवाल्यांना ते डोकेदुखी वाटायचे. मला त्या सकाळी ते देवमाणूस वाटले. चूक जर जुनी असेल, तर ती त्यांच्याकडे असणारच.

मी आपट्यांना म्हणाले, “मी तिथे जाऊन करून बघते आणि तुम्हाला कळवते.”

“कळवू नका,” ते म्हणाले. “मी येतो. खलील नको, आपण दोघंच.”

मला वाटलं, गाडी बोलावतील. पण सुलतान बाजारात गाडी नेणं म्हणजे ती तिथेच सोडून येणं. आम्ही ऑटोने गेलो आणि अलीकडेच उतरलो. मोठ्या कंपनीचा डायरेक्टर, खांद्याला लॅपटॉप, पायात चकचकीत बूट, साड्यांच्या दुकानांपुढून वाट काढत चाललेला. एका दुकानदाराने त्यांना “आइये साब, मॅडम के वास्ते नया माल आया,” म्हणून आत ओढलंच होतं. मी पुढे चालत राहिले. बांगड्यांच्या दुकानाशेजारचा अरुंद जिना चढताना आपट्यांनी विचारलं, “हा आपला ग्राहक?”

“जुना आणि इमानी,” मी म्हणाले.

नरसिंहरावांनी आमच्यासाठी एक रिकामं मशीन मोकळं करून ठेवलं होतं. त्यावर आमच्या सॉफ्टवेअरची तीच जुनी आवृत्ती, फ्रीझच्या आणि रीऑर्गच्या कितीतरी आधीची. एकात एक फोल्डर बनवायचे होते, लांबलचक नावांचे. मी कीबोर्डकडे हात नेला तर आपटे म्हणाले, “मी करतो. तुम्ही केलंत तर माझ्या मनात शंका राहील.” तोंडावर सांगितलं. खरं सांगते, तो माणूस मला तिथे आवडायला लागला.

त्यांनी नावं टाइप केली. सगळ्यात आतल्या फोल्डरमध्ये एक फाइल ठेवली. बॅकअप घेतला. मूळ फाइल पुसली. रिस्टोअर चालवला. पडद्यावर आलं, ‘सक्सेसफुल’. आपट्यांनी एकेक फोल्डर उघडत तळ गाठला. फाइल नव्हती.

आम्ही दोघंही हसलो. नरसिंहरावांचा चेहरा मात्र पांढराफटक पडला. “सक्सेसफुल बोलके फाइल नै है? तो मेरा बँक का क्या होता मॅडम?”

त्यांचं बरोबरच होतं. आम्ही आनंदात होतो आणि त्यांच्या पायाखालची जमीन गेली होती. मी तिथूनच खलीलभाईंना फोन लावला. त्या जुन्या आवृत्तीसाठी त्यांनी संध्याकाळच्या आत दुरुस्ती बनवून दिली. नरसिंहरावांनी जन्मात पहिल्यांदा आमच्या सॉफ्टवेअरला हात लावू दिला, तोही डोळे मिटून.

परतताना ऑटोत आपटे म्हणाले, “माझी चूक झाली. फ्रीझ मोडलेली नाही, हे मी आजच लेखी देतो.” आणि त्यांनी दिलंही, फ्रीझ मोडल्याच्या संशयाचा त्यांचा मेल जितक्या लोकांना गेला होता तितक्या सगळ्यांना. वरच्या माणसांत ही चाल मी फार वेळा पाहिलेली नाही.

मग थोड्या वेळाने म्हणाले, “आता एकच. चूक जुनी आहे हे सिद्ध झालं. कुणी केली हे सांगणारा इतिहास आपल्याकडे नाही. तेव्हा मी लेगसी डिफेक्ट लिहितो, ऑथर अननोन. वरच्यांना बारकावे कळत नाहीत. ग्राहकाला फटका बसलेली चूक ज्याच्या नावावर असेल, त्याचं नाव सोमवारी तरी निघू नये. खलीलना सांगा, फार बोलू नका.”

लेगसी डिफेक्ट म्हणजे पूर्वजांकडून आलेली चूक. पूर्वज कोण, ते विचारायचं नाही. आमच्या धंद्यात निम्मी पापं या नावाखाली धुतली जातात.

सोमवारी सकाळी बस नारायणगुड्याहून निघाली. खलीलभाई आबिड्सला चढायचे. ते शेजारी येऊन बसल्यावर मी त्यांना निरोप सांगितला. त्यांना हसू आवरेना.

“ये लेगसी कौन है जी? बेचारे का कोई वारिस नै, तो सब उसीच पे डाल दो?”

“खलीलभाई, मजाक नक्को. आज नावं वर जाणार आहेत. तुम्ही फक्त गप्प बसायचं. खोटं बोलायचं नाही, नुसतं बोलायचंच नाही.”

“हौ,” ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत राहिले. मला वाटलं, पटलं.

मीटिंगला या वेळी डेन्मार्कबरोबर आमचे अमेरिकेतले व्हाइस प्रेसिडेंटही फोनवर होते. आपट्यांनी नीट मांडलं. चूक जुन्या आवृत्तीपासून आहे, ताज्या पॅचचा संबंध नाही, लेगसी डिफेक्ट, ऑथर अननोन. व्हाइस प्रेसिडेंट म्हणाले, छान, मग हे बंद करू या.

खलीलभाई फोनकडे झुकले. “सर, ऑथर इज नॉट अननोन. ऑथर इज मी.”

मी टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला. आपट्यांनी डोळे मिटून घेतले. फोनमधून विचारणा झाली, हे तुम्ही आता का सांगता आहात?

खलीलभाईंचं इंग्रजी हैदराबादी, पण त्या दिवशी त्यातला एक शब्दही कुणाला दोनदा विचारावा लागला नाही. ते म्हणाले, अननोन लिहिलं की हे प्रकरण बंद होईल. पण मी त्या काळात हीच युक्ती आणखी काही ठिकाणी वापरली आहे. तिथेही शेवटी मालकाला सांगायचं राहिलं असणार. त्या जागा कोडात शोधायला दुसऱ्या कुणाला किती वेळ लागेल माहीत नाही. माझ्या त्या लक्षात आहेत. मला हा आठवडा द्या.

माझ्या मनात धाकट्या मुलीचं शेवटचं वर्ष. एवढ्या वर्षांत मला खलीलभाईंचा एवढा राग कधी आला नव्हता, आणि एवढा अभिमानही. दोन्ही एकदम आले आणि मला नाक पुसावं लागलं.

पहिल्यांदा बोलला तो डेन्मार्कचा माणूस. आमच्या फाइली परत आणून देणारे हेच का, असं त्याने विचारलं. आपटे हो म्हणाले. “मग बाकीच्या जागाही यांनीच बघाव्यात,” तो म्हणाला. “आमच्या सॉफ्टवेअरमध्ये काय काय आहे हे आठवणारा एक तरी माणूस तुमच्याकडे आहे, हे आम्हाला माहीत नव्हतं.” त्यावर व्हाइस प्रेसिडेंटना नाही म्हणायला जागाच उरली नाही.

आठवडा पुरला. जागा सापडल्या. त्यातली एक टेपवरून रिस्टोअर करण्याच्या कोडात होती. ती कुठल्याही ग्राहकाला अजून लागली नव्हती, पण लागली असती तर नुसत्या दिलगिरीवर भागलं नसतं. खलीलभाईंनी एकेक दुरुस्त केली आणि आता रिस्टोअरच्या शेवटी राहिलेल्या फाइलींची नावं मोठ्या अक्षरांत येतात. नकाशेवाले अजूनही आमचेच ग्राहक आहेत.

मग रीऑर्गचा शेवटचा मेल आला. मी आमच्या चौकटीत खलीलभाईंचं नाव शोधलं. नव्हतं. घरी जाणाऱ्यांत शोधलं, तिथेही नव्हतं. शेवटी एका भलत्याच चौकटीत सापडलं. नव्याने एकत्र केलेल्या एका मोठ्या प्रॉडक्टचं प्रमुखपद, वरच्या हुद्द्यावर, थेट आपट्यांच्या खाली.

मी तडक केबिनमध्ये गेले. “तुम्ही माझा माणूस नेलात.”

“नेला,” आपटे म्हणाले. “तिकडे ज्या ओळीला हात लावावा ती अननोन आहे. मला एक तरी माणूस असा हवा होता, जो हे माझं आहे म्हणून सांगेल.”

“आणि आम्ही काय करायचं?”

“तुम्हाला दोन माणसं देतो.”

दिली. दोघंही हुशार आहेत, वेळेवर येतात, मीटिंगमध्ये अतिशय जपून बोलतात. खलीलभाई एकट्याने जेवढं सांभाळायचे, तेवढं आम्ही तिघं मिळून अजून सांभाळू शकलेलो नाही. यातून मी एवढंच शिकले, की चांगला माणूस आपल्या टीममध्ये ठेवायचा असेल तर मोठ्या साहेबांसमोर त्याला खरं बोलू देऊ नये. मी तसा प्रयत्न करून पाहिला होता. जमला नाही, ते फार बरं झालं.